निगेटिव्हवरची पेन्सिल

मुरबाडच्या स्टुडिओत मला नोकरी मिळाली ती चित्रं काढता येतात म्हणून नव्हे, बाई आहे म्हणून. स्टुडिओवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी तसं स्वच्छ सांगितलं. खेड्यापाड्यांतून बायका फोटोला यायच्या, त्यांचे नवरे बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, आणि आत काका "पदर जरा वर घ्या, मान इकडं करा" म्हणाले की बायका अशा आक्रसायच्या की फोटोत दुसरं काही यायचंच नाही. पुढे होऊन पदर नीट करणारं, कपाळावरची जादा पावडर पुसणारं, गळ्यातलं सरळ करणारं कुणीतरी काकांना हवं होतं. मी बारावी होऊन घरी बसले होते. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत चांगली श्रेणी मिळवली होती, पण तिचं पुढे काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. किन्हवलीजवळच्या आमच्या वाडीतून सरळगावमार्गे एसटीने मुरबाडला जायचं, दिवसभर दुसऱ्यांचे पदर सारखे करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या वाडीतून रोज नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आई धास्तावलेली असायची आणि बाबा जरा ताठ चालायचे.

बाबांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्यापेक्षा त्यांचं जास्त झालं. ते वाशिंदला कारखान्यात पाळीवर जायचे. तिथे ते साधे कामगार, पण वाडीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. कुणाचं बांधावरून भांडण असो, वाटणी असो की लग्नाची बोलणी, विहाराच्या ओट्यावर माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, "त्यांना येऊ द्या." बाबा यायचे, ऐकून घ्यायचे, आणि "मी बघितलाय, तसा नाय, असा हाय" एवढं बोलले की विषय मिटायचा. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. शेजारीण साखर मागायला आली आणि आईने संपली म्हणून सांगितलं, तर हा माणूस आतून ओरडायचा, "कालच तर आणली ना गो?" आई कपाळावर हात मारायची. पण वाडीला त्यांचं हेच आवडायचं, आणि त्यांनाही आपलं हे आवडतं हे मला दिसायचं. त्यांच्याकडे अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं नव्हतं.

स्टुडिओत रंगीत रोल धुवायला कल्याणला जायचे. काळे-पांढरे फोटो मात्र आमच्याकडेच व्हायचे, आणि मुलींचे दाखवायचे फोटो, म्हणजे स्थळांकडे पाठवायचे फोटो, काका मुद्दाम काळे-पांढरेच काढायचे. त्यात हात चालवता येतो, असं ते म्हणायचे. खिडकीशी एक उतरती काच बसवलेली होती, खाली आरसा होता, आरशातला उजेड वर काचेवर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर एक पातळ चिकट पाणी फिरवायचं म्हणजे शिसं धरतं, आणि डोळ्याला भिंग लावून बसायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. सावळी कातडी तिथे मोकळी, काचेसारखी दिसते. त्या मोकळ्या जागेत सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरत गेलं की तेवढा भाग कागदावर उजळ उमटतो. जितकं शिसं जास्त तितकी मुलगी गोरी.

मला हे काम भयंकर आवडलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडलं हे खरं आहे. मुलींचे चेहरे सगळे आमच्यासारखेच असायचे, लावणी केलेले, उन्हात रापलेले, कांजिण्यांचे वण असलेले, डोळ्यांखाली काळं असलेले. मी एकेक पुसायची. मुलीच्या आया मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "बाय, जरा उजळ काढ गो तिला." 'कर' नाही म्हणायच्या, 'काढ' म्हणायच्या. तो रंग पोरीच्या आत कुठेतरी होताच, फक्त मी बाहेर काढायचा होता, असं त्यांना वाटत असावं. काकांचा एकच नियम होता. "आईनं फोटो बघून बोलला पायजे, ही माझी पोर. तेवढा ठेवाचा, बाकी पुसाचा." पहिलं वर्षभर मी तो नियम पाळला. मग माझा हात इतका बसला की नियमाची गरजच वाटेना.

माझ्यासाठी मामा स्थळं बघायला लागला तेव्हा माझाही दाखवायचा फोटो काढायचा ठरला. काकांनी हौसेने सगळे दिवे लावले आणि मला स्टुलावर बसवलं. दुसऱ्यांचे पदर सारखे करणारी मी, माझा पदर मीच सारखा केला. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह वाळली आणि मी ती खिडकीशी घेऊन बसले. माझा रंग काळाच म्हणावा असा आहे. लहानपणापासून ऐकत आलेले, त्यात दुःख करण्यासारखं काही नव्हतं, आईचाही तोच रंग. पण त्या काचेवर मी पहिल्यांदा स्वतःला एखाद्या कामासारखं बघितलं. कपाळ, नाकाची कड, गालांचे उंचवटे, मान, मांडीवर ठेवलेले हात. सगळं एकसारखं करत गेले. हनुवटीवर उजव्या बाजूला माझा ठसठशीत तीळ आहे. तो मी सगळ्यात शेवटी घालवला.

ब्रोमाइड, म्हणजे छापलेला फोटो, पाण्यातून वर काढला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. तोवर केलेल्या कामांत ते सगळ्यात चांगलं होतं. कुठे डाग नाही, कुठे पेन्सिलीची रेघ कळत नाही. काकांनी फोटो उजेडात धरला. "हात बसला तुझा," ते बोलले. मग म्हणाले, "पन तू कुठं गेलीस गो यातून?" मी हसले. मला ती शाबासकीच वाटली.

घरी आईने फोटो बघून माझ्यावरून बोटं मोडली. बाबांनी तो खूप वेळ हातात धरला. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "स्टुडिओतल्या दिव्याला लय पावर असेल ना?" मी म्हटलं, हो, असते. बाबांशी मी बोललेलं ते पहिलं खोटं माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मला ते कळलंही नाही.

शेणव्याकडचं एक स्थळ फोटो बघून लगेच हो म्हणालं. मुलगा नोकरीला होता, आसनगावहून पास काढून कल्याणला जायचा. ते बघायला आले त्या दिवशी आमच्या घराच्या दारात निम्मी वाडी उभी होती. आत मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, खाली मान घालून सगळ्यांपुढे धरला आणि खुर्चीवर बसले. आत्याने चष्मा लावला. पर्समधून माझा फोटो काढला, फोटो बघितला, मला बघितलं आणि अगदी प्रेमाने आईला विचारलं, "ही थोरली का?"

"एकच पोरगी हाय आमाला," आई म्हणाली. "बाकी पोरगे."

"मंग फोटोतली कोण?"

मला वाटलं आत्या थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"हीच ती," बाबा बोलले.

"दादा, राग मानू नका," आत्या म्हणाली. "आमच्यात एकदा असा झालेला. फोटो दाखवला धाकटीचा आन् मांडवात उभी केली थोरली. तवापासून आमी फोटो संगती घेऊन फिरतो. आमाला फोटोतली पोरगी दाखवा. ती आवडलेय आमाला."

पुढचं सगळं आईने केलं, आणि आईला मी दोष देत नाही, तिला तिची पोर खरी ठरवायची होती. तिने मला आत नेऊन फोटोतली साडी नेसायला लावली. बाहेर आणून भिंतीला टेकवून उभं केलं. "मान जरा डावीकडं घे," ती म्हणाली. "पदर फोटोत असा हाय बघ." स्टुडिओत मी बायांना जे करायची ते सगळं माझी आई मला करत होती, आणि दारातली माणसं बघत होती. आत्याने फोटो माझ्या गालाला लावून धरला. त्या कागदाचा कडक काठ मला टोचत होता. मुलगा जमिनीकडे बघत बसला होता, त्याचीही आता कीव येते. मग आईला एकदम आठवलं. तिने माझी हनुवटी धरून वर केली. "तीळ बघा! जन्मापासून हाय तिला. तीळ तर कोणी बदलत नाय ना?"

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "फोटोत तीळ नाय," ती म्हणाली.

चुलीवरचं दूध उतू गेलं. मग बाबा उठले. ते कधी मोठ्याने बोलायचे नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. "मी बाप हाय तिचा. मी सांगतो ना, ह्या फोटोत हीच हाय. मी कधी खोटा बोललोय का, इचारा ह्या लोकांना." आणि त्यांनी दारातल्या माणसांकडे बघितलं. वर्षानुवर्षं त्यांचा शब्द मानणारी माणसं. त्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांनीही फोटो बघितलेला होता.

तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. "फोटो माझाच आहे. मी पेन्सिलीने केलाय तो. तीळ मीच पुसला."

"पेन्सिलीनं?" आत्याने फोटो उलटा करून मागची बाजूही बघितली. "म्हंजे फोटो नाय हा. चित्र हाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. आपण कशावर शब्द दिला ते त्यांना त्या क्षणाला कळत होतं, एवढंच. पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले.

मी रडले वगैरे नाही. मला इतकी लाज वाटत होती की रडायलाही कुणासमोर तोंड दाखवावं लागतं, तेही नको होतं. वाडीत माझं नाव 'फोटोतली' पडलं. ते मी सोसलं, मी त्याच लायकीची होते. पण त्याच उन्हाळ्यात वाडीतल्या दोन भावांचं बांधावरून वाजलं, नेहमीप्रमाणे बाबांना बोलावणं गेलं, बाबा ओट्यावर गेले आणि "मी बघितलाय" एवढंच बोलले असतील, तेवढ्यात त्यातला धाकटा म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या हो. तुमी फोटोबी खराच बोलला होता." सगळे हसले. हे मला आईने नंतर सांगितलं. बाबा घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. मला एक अक्षर बोलले नाहीत. एकदा जरी माझ्यावर ओरडले असते तरी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले असते. ते ओट्यावर जायचे बंद झाले. कारखान्यातून येताना विहाराच्या बाजूचा रस्ता सोडून शेतातून, लांबच्या वाटेने घरी यायला लागले. आणि मी काढलेला कोणताही फोटो त्यांनी पुढे हातात घेतला नाही. भावांच्या लग्नाचे अल्बम आले तेव्हाही "बघतो मंग" म्हणून उठून गेले.

स्थळांकडे गेलेले माझे फोटो एकेक करून परत आले. मामाने ते एका पाकिटात घालून आणून दिले आणि मी पाकीट स्टुडिओत नेऊन ठेवलं, कारण घरात ठेवायची हिंमत नव्हती. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काका जेवायला गेले होते. मी एक फोटो काढला, बारीक ब्रश काळ्या शाईत बुडवला आणि तीळ परत लावला. नुसता तीळ लावून भागेना. त्या गोऱ्या चेहऱ्यावर तो माशी बसल्यासारखा दिसत होता. मग हनुवटी थोडी काळी केली. मग गाल. चकचकीत कागदावर शाई घसरायची, म्हणून फोटो पॉलिश पेपरने घासून खरबरीत केला. घासताना माझाच चेहरा पांढऱ्या भुकटीसारखा टेबलावर सांडला आणि मला विचित्र बरं वाटलं. त्या खरबरीत कागदावर कोळसा मात्र छान धरला.

मी चित्रकार कशी झाले असं कुणी विचारलं की मी काहीबाही सांगते, शाळेतले सर, निसर्ग, असलं काहीतरी. खरं असं आहे की मी स्वतःचा एक फोटो दुरुस्त करायला बसले आणि ते काम पुरं झालं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. माझं असं एक चित्र करायचं की ते वाडीसमोर धरून बाबांना म्हणता यावं, हीच ती, आणि कुणाला हसता येऊ नये. फोटोवर माझा विश्वास उरला नव्हता आणि नुसत्या चित्रावर वाडीचा बसला नसता, म्हणून दोन्ही मिसळायचं. काकांच्या जुन्या कॅमेऱ्याने मी स्वतःचे फोटो काढायचे, खिडकीतल्या उजेडात, एकही दिवा न लावता. मॅट कागदावर छापायचे आणि वरून रेखाटायचे. चुलीवरच्या पातेल्याची काजळी खोबरेल तेलात कालवून लावून बघितली, ती महिनोन्महिने वाळेना. गेरू लावून बघितला. आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे पेजेच्या खळीने चिकटवले, आणि ते घरी फळीवर ठेवले तर झुरळांनी खळीबरोबर माझा डावा गालही खाल्ला. मुरबाडच्या बाजारात वह्या बांधणाऱ्याने सांगितलं की खळीत मोरचूद घालायचा, तेव्हापासून झुरळं थांबली. आई म्हणायची, "काय ती पोतेऱ्यावानी चित्रा करतंस?" काका म्हणायचे, हे घेणार कोण? दोघांचंही बरोबर होतं.

लग्न झालं नाही. लोकांना वाटतं फोटोमुळे. फोटोमुळे नाही, माझ्या स्वभावामुळे, पण लोकांना फोटोची गोष्ट जास्त आवडते, त्याला मी काय करणार. कल्याणला जाऊन कलाशिक्षकाचा कोर्स केला आणि शहापूरला एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. दोन हजार सालानंतर काकांच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला. मी सहज गेले तेव्हा त्यांनी एका मुलीला माझ्यासमोर माउसने गोरी करून दाखवलं. मला जे काम करायला अख्खी सकाळ लागायची ते एका चहात झालं. "तुझी काच आता अडगळ झाली गो," ते हसत बोलले आणि ती उतरती काच, भिंग, प्रिंट मोठे करायचं जुनं यंत्र, सगळं मला देऊन टाकलं.

मोठं यंत्र मिळालं तशी माझी चित्रंही मोठी झाली. दाराएवढा माझा चेहरा, खाली फोटो, वर कोळसा आणि लुगडं. एकदा शिक्षकांच्या एका प्रदर्शनात त्यातलं एक लावलं आणि मुंबईच्या एका बाईंनी त्याच्यासमोर उभं राहून बराच वेळ मान हलवली. "काय धाडसी काळा आहे हा," त्या म्हणाल्या. मला धाडसाचं काही माहीत नव्हतं, मी कोळसा जरा जास्त लावला होता एवढंच. पण पुढच्या चित्रात मी आणखी जास्त लावला. त्याच्या पुढच्यात डोळे सोडून सगळंच झाकून टाकलं. लोक थांबायला लागले. पेपरात कुणीतरी दोन ओळी लिहिल्या. मला विचारायचे, तुमच्या वेदनेबद्दल सांगा, आणि मी सांगायची. आत्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की कुठे थांबल्यावर ऐकणाऱ्याचे डोळे भरतात ते मला पाठ झालं. बाबा ओट्यावर जायचे बंद झाले, ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. ते सांगायची मला खरी लाज वाटायची.

मग ठाण्याला एका कलादालनात माझ्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. मी घरी सांगितलं. आईचे गुडघे धरले होते, ती येणार नव्हतीच. बाबांनी पेटीतून पांढरा शर्ट काढला आणि इस्त्रीला दिला. ते कारखान्यातून सुटून तेव्हा बरेच दिवस झाले होते, थकले होते. इतक्या वर्षांत माझं काहीही न बघितलेला माणूस एकदम सगळंच बघणार होता.

कलादालनात बाबा चपला बाहेर काढून आत आले. मी घाला म्हटलं तर ऐकेनात. हात पाठीमागे बांधून ते एकेका चित्रासमोर उभे राहत होते, विहारात उभे राहतात तसेच. मी त्यांच्याजवळ जाणार, तेवढ्यात मला कुणीतरी बोलायला अडवलं, आणि मी माझी पाठ झालेली वाक्यं बोलत असताना माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. सगळ्यात मोठ्या चित्रासमोर ते थांबले. त्यात तर मी होते की नव्हते कुणास ठाऊक, नुसता काळा, त्यात दोन डोळे आणि लुगड्याचा फाटका काठ. शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी बाबांना वाकून काहीतरी विचारलं. बाबा ताठ झाले. मला ते लांबूनही ऐकू आलं, कारण ते मुद्दाम शुद्ध आणि स्पष्ट बोलत होते. "हो. ही माझीच मुलगी आहे. मी वडील आहे तिचा."

बाई हसून नमस्कार करून पुढे गेल्या. मला काय झालं ते सांगते. मला वाटलं, झालं. इतकी वर्षं ज्यासाठी हात काळे केले ते झालं. बाबा पुन्हा एकदा चार लोकांत माझ्यासाठी बोलले आणि कुणी हसलं नाही. मी समोरच्या माणसाला काय उत्तर दिलं मला आठवत नाही. त्या दिवशी दिवसभर मी हवेत होते.

संध्याकाळी आम्ही शहापूरच्या स्टँडवर किन्हवलीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मी भजी आणली, बाबांनी थोडी खाल्ली आणि कागद नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. चित्रांबद्दल ते काहीच बोलले नव्हते आणि मी विचारायचं धाडस करत नव्हते. गाडी लागली, लोक उठले. बाबा उठले नाहीत.

"ती बाई इचारत व्हती," ते बोलले. "त्या मोठ्या फोटोत कोण हाय म्हणून."

"ऐकलं मी."

"मी बोललो, माझी पोरगी." ते गाडीकडे बघत होते, माझ्याकडे नव्हते. "बोललो खरा. पन मना काय तू दिसली नाय त्यात. लय बघितला. तीळ शोधला, तोबी नाय मिळाला." मग त्यांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात, आजूबाजूच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "तूच हायस ना गो त्यात? मी खोटा नाय ना बोललो?"